कौल डावा पडला, पण एमआरआय कुठे झालाय?

देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचे यजमान ४२ वर्षांचे. घरची हापूसची कलमं आहेत आणि गावच्या भजन मंडळात ते बुवा आहेत. मे महिन्यात आंबा उतरवताना शिडीवरून घसरले, बरगडीला मार लागला म्हणून एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं, पण छातीत डाव्या अंगाला, मणक्याला लागून एक गोल सावली दिसली. सीटी स्कॅनमध्ये साडेपाच सेंटिमीटरची गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला तेव्हा 'श्वानोमा' असं निदान झालं, म्हणजे मज्जातंतूच्या आवरणातली, कॅन्सर नसलेली गाठ. कोल्हापूरच्या सर्जननी दुर्बिणीतून काढून टाकू असं सांगितलं. सासरे म्हणतात, अशा गाठीला सुरी लागली की ती चिघळते. मुंबईचे थोरले दीर म्हणतात, तिकडचं काही खरं नाही, इकडे घेऊन या. ग्रामदेवतेला कौल लावला, तो डावा पडला, म्हणजे देवाचा नकार. यजमानांचं म्हणणं एवढंच की "माका कायेक होणा नाय. गणपती झाले काय बघूया." ताईंनी मोबाईलवर वाचलं की अशा ऑपरेशनात पापणी कायमची पडते, आवाज जातो, पाय लुळे होतात. त्या विचारतात, मी आग्रह धरू का? उद्या काही बरंवाईट झालं तर बोल मलाच लागणार. आणि पत्राच्या शेवटी, दहावीतल्या मुलीला हे सांगावं की लपवावं?

ताई, पत्रासोबत तुम्ही सीटीच्या रिपोर्टचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. पत्रात सासऱ्यांचं, दिरांचं, देवाचं आणि मोबाईलचं, सगळ्यांचं म्हणणं आलंय. रिपोर्टात मात्र एक ओळ आहे, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर. गाठ डी-६ आणि डी-७, म्हणजे छातीच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या पातळीवर आहे, तिथलं मज्जातंतू बाहेर पडण्याचं छिद्र किंचित रुंदावल्यासारखं वाटतं, गाठीचा काही भाग कण्याच्या पोकळीत शिरला आहे का हे बघण्यासाठी एमआरआय करावा, असं तिथे लिहिलंय. रिपोर्ट मे महिन्यातला. आता आषाढ सरत आलाय. तुमच्या चार पानी पत्रात एमआरआयचं नाव नाही, म्हणजे तो झालेला नाही असं मी धरून चालते.

तेव्हा ऑपरेशन करावं की नाही, कोल्हापूर की मुंबई, हा जो वाद तुमच्या पडवीत दोन महिने चाललाय, तो अर्ध्या माहितीवर चाललाय. त्यात कुणाची चूक नाही. 'कॅन्सर नाही' हे कानावर पडलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढचं ऐकतच नाही. ओपीडीत हे मी रोज बघते.

आधी गाठ काय आहे ते सांगते. पाठीच्या कण्यातून प्रत्येक दोन मणक्यांमधल्या छिद्रातून एकेक मज्जातंतू बाहेर येतो आणि बरगडीखालून छातीला वळसा घालून पुढे जातो. त्यावर एका जातीच्या पेशींचं अस्तर असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. त्या पेशी एका जागी वाढत राहिल्या की श्वानोमा होतो. छातीत अशा गाठी बहुतेक वेळा मागच्या कप्प्यात, मणक्यांच्या कडेलाच सापडतात, आणि त्या सापडतातही अशाच, भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत. मोठ्या माणसांमध्ये त्यातल्या बहुसंख्य साध्याच असतात. वाढतात अगदी सावकाश. यजमानांना काही होत नाही हे त्यामुळे शंभर टक्के खरं असणार. फुप्फुस मऊ असतं, ते गाठीला जागा करून देतं.

कण्याची पोकळी मात्र हाडाची आहे. तिथे जागा करून द्यायला कुणी नाही. साधारण दहातल्या एका रुग्णात ही गाठ त्या छिद्रातून आत शिरते, थोडी आत, थोडी बाहेर, मध्ये बारीक मान. डॉक्टर तिला डंबेल गाठ म्हणतात. आतला भाग वाढला तर मज्जारज्जूवर दाब येतो. गाठ कॅन्सरची नाही म्हणून तो दाब कमी होत नाही. सीटीत हाड छान दिसतं, पण मज्जारज्जू आणि गाठ यांच्यामधली सीमा एमआरआयमध्येच नीट कळते. म्हणून पहिलं काम तेवढंच. छातीच्या मणक्यांचा एमआरआय, शिरेतून औषध देऊन. सोबत सीटीची सीडी न्यायची, नुसता कागद नव्हे.

आता कौलाबद्दल. तुम्ही जरा भीतभीतच लिहिलंयत, मी हसेन असं वाटलं असावं. मी हसत नाही. आमच्याकडेही लग्न ठरलं की आधी देवाला विचारतात. पण देवापुढे गाऱ्हाणं घालताना नेमकं काय विचारलं, हे गुरवांना आणि सासऱ्यांना एकदा विचारा. 'ऑपरेशन करूया काय?' असंच विचारलं असेल, तर अपुऱ्या कागदपत्रांवर मीसुद्धा डावाच कौल दिला असता. एमआरआय करून येऊ दे, मग पुन्हा गाऱ्हाणं घाला, असं सासऱ्यांना म्हणा. वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि तपासणीही अडत नाही. तपासणीला कुठल्या देवाने आडकाठी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सासऱ्यांची 'सुरी लागली की चिघळते' ही भीती त्यांच्या पिढीत उगाच आलेली नाही. छातीच्या गाठीचं ऑपरेशन म्हणजे तेव्हा बगलेखालून पाठीपर्यंत लांब चीर आणि बरगड्या फाकवणं. त्यातून कॅन्सरचे रोगी फार उशिरा पोचायचे, छाती उघडून तशीच बंद करायला लागायची, आणि मग माणूस महिन्याभरात गेला की दोष सुरीला. श्वानोमा सुरीने किंवा सुईने पसरत नाही. पूर्ण निघाला तर त्याच जागी पुन्हा होणंही विरळ. छातीत दुर्बीण घालायची कल्पना तशी जुनीच. स्वीडनच्या याकोबेउस नावाच्या डॉक्टरांनी ती १९१० मध्ये लिहून ठेवली होती. मात्र कॅमेरा आणि पडदा आल्यावर, १९९० नंतर, गाठी काढण्यासाठी ती रुळली.

ऑपरेशन कसं होतं ते यजमानांना वाचून दाखवा. पूर्ण भूल देतात. घशातून घालायची नळी दुपदरी असते, त्यामुळे डावं फुप्फुस थोडा वेळ मिटवून उजव्यावर श्वास चालू ठेवता येतो. रुग्ण उजव्या कुशीवर. बगलेखाली बहुधा तीन छोटी छिद्रं, एकातून कॅमेरा, दोनांतून हत्यारं. गाठीवरचा पातळ पडदा कापून तिला सभोवारपासून सोडवतात, पिशवीत घालतात आणि एक छिद्र जरा मोठं करून बाहेर काढतात. श्वानोमाला स्वतःचं कवच असतं, म्हणून तो कापा फणसाच्या गऱ्यासारखा सुटा निघतो. याची चुलत बहीण आहे न्यूरोफायब्रोमा, ती बरक्याच्या जातीची, मज्जातंतूचे धागे तिच्या आतूनच गेलेले. शेवटी छातीत एक नळी ठेवतात, ती पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. बाटलीत बुडबुडे बघून घरचे घाबरतात, घाबरू नका. फुप्फुस नीट फुललं की दोन-तीन दिवसांत नळी निघते. सगळं सुरळीत असेल तर चार-पाच दिवसांत घरी.

मोबाईलवर तुम्ही वाचलेलं खोटं नाही. पण तिथे छातीतल्या सगळ्या जागांचे धोके एकाच ढिगात टाकलेले असतात. पापणी पडणं, त्या बाजूची बाहुली बारीक होणं आणि चेहऱ्याचा घाम बंद होणं हे गाठ छातीच्या अगदी शेंड्याला, मानेजवळ असेल तर होऊ शकतं. तिथे मज्जातंतूंचा एक नैसर्गिक गुच्छ असतो, त्याला धक्का बसतो. यजमानांची गाठ त्याच्या बरीच खाली आहे. आवाजाची नस डाव्या बाजूला महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत वर जाते. गाठ त्या नसेची असती किंवा कमानीजवळ असती, तर मीही काळजी केली असती. डी-६, डी-७ला, मागे मणक्याशी असलेल्या गाठीसाठी त्या वाटेला कुणी जात नाही. दुपदरी नळीमुळे घसा चार दिवस बसतो, तो सुटतो. पाय लुळे होणं हा धोका दुर्मिळ, पण खरा आहे, आणि तो मुख्यतः कुठे, तर कण्यात शिरलेली गाठ तशी ती आहे हे माहीत नसताना छातीतून ओढली तर. आत रक्तस्राव होऊन मज्जारज्जू दाबला जातो. पुन्हा गाडी एमआरआयवरच येते, बघा.

आणि ज्याबद्दल मोबाईल फारसा बोलत नाही, ते मी बोलते. गाठ ज्या बरगडीच्या मज्जातंतूची आहे तो बहुधा गाठीसोबत द्यावा लागतो. त्यामुळे पाठीपासून पुढे, छातीच्या खालच्या कडेपर्यंत, चार बोटांची एक पट्टी बधिर राहू शकते. काहींना तिथे काही आठवडे, क्वचित काही महिने, जळजळ होते, सदरा लागला तरी नको वाटतं. त्यावर मज्जातंतूंच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, साध्या दुखण्याच्या गोळीने ते थांबत नाही. ऑपरेशननंतर माझ्याकडे लोक तक्रार घेऊन येतात ते याचीच, आणि आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून चिडून येतात.

मग काढावी की नाही? मी फिजिशियन आहे, छाती उघडणं माझं काम नाही, पण माझं मत विचारलंत तर, काढावी. हीच गाठ सत्तरीच्या आजोबांना असती, दोन सेंटिमीटरची, कण्यापासून दूर, तर दर सहा महिन्यांनी, मग वर्षाने स्कॅन करून नुसतं बघत राहणं हा चांगला मार्ग होता आणि मी तोच सांगितला असता. इथे माणूस ४२ वर्षांचा आहे. गाठीला वाढायला पुढची तीस-चाळीस वर्षं मोकळी आहेत. साडेपाच सेंटिमीटर झालीच आहे. साधारण सहाच्या पुढे गेली की बरेच सर्जन दुर्बिणीऐवजी मोठ्या चिरेचा विचार करू लागतात. हा काही लोखंडी नियम नाही, पण आज जे तीन छिद्रांत होतं ते पाच वर्षांनी होईलच असं नाही. सुईच्या तुकड्यावरचं निदान हे गाठीच्या एका कोपऱ्याचं असतं, हेही आहेच. अख्खी गाठ पॅथॉलॉजीत जाते तेव्हाच शेवटचा शब्द लागतो.

'गणपती झाले काय बघूया' यावर तुम्ही फार चिडलेल्या दिसताय. मला त्यात काही वावगं दिसत नाही. बुवांना गणपतीत भजनं सोडून दवाखान्यात झोपायला सांगणार कोण? एमआरआयमध्ये कणा मोकळा निघाला तर या गाठीला दोन महिन्यांनी काही फरक पडत नाही. माझी धास्ती वेगळी आहे. गणपती झाले की दसरा, दसरा झाला की कलमांना मोहोर आणि फवारणी, मग राखण, मग आंबा, मग पाऊस. म्हणून गणपतीच्या आधी एमआरआय आणि सर्जनची भेट उरकायची, तारीख घेऊन ठेवायची, आणि विसर्जनानंतर, दिवाळीच्या आत ऑपरेशन. पाठीवरचा फवारणीचा पंप आणि आंब्याच्या पेट्या दीड-दोन महिने उचलायच्या नाहीत. या हिशेबाने मोहोर ऐन बहरात येईपर्यंत ते बागेत फिरू शकतील; पंप यंदा गड्याकडे द्या. विडी ओढत असतील तर ती मात्र गणपतीची वाट न बघता आजच सुटायला हवी, ऑपरेशननंतर कफ साठतो तो विडीवाल्यांचाच.

हे सगळं निवांतपणाचं वेळापत्रक एका अटीवर. पायांत मुंग्या किंवा जडपणा, चालताना तोल जाणं, पायरी चढताना गुडघा सोडून देणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, लघवी अडकणं किंवा न कळत होणं, यातलं काहीही दिसलं तर गणपती-बिणपती काही नाही, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा गाठ झपाट्याने वाढणं, हेही लगेच दाखवायचं.

आणखी एक, संध्याकाळी उजेडात त्यांची पाठ, छाती, काखा नीट बघा. दुधाळ कॉफीच्या रंगाचे सपाट डाग सहा किंवा जास्त असतील, कातडीवर मऊ मऊ गाठी असतील, तर ते सर्जनना आवर्जून सांगा. तो एक आनुवंशिक आजार असू शकतो, त्यातल्या गाठींची जात वेगळी असते, त्यातली एखादी पुढे बिघडूही शकते, आणि मग मुलांनाही तपासावं लागतं. बहुधा काही निघणार नाही.

कोल्हापूर की मुंबई? दिरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की कोल्हापूर म्हणजे काही खेडं नव्हे. गावाच्या नावावर काही अवलंबून नाही. तिथे छातीचा सर्जन आहे का, ज्याला हॉस्पिटलात सीव्हीटीएस किंवा थोरॅसिक म्हणतात, हे बघा. पोटाची ऑपरेशनं करणारे उत्तम सर्जन या कामाला चालत नाहीत. त्यांना सरळ विचारा: अशा मणक्याजवळच्या गाठी तुम्ही आधी काढल्यात का? दुर्बिणीतून जमलं नाही तर त्याच वेळी उघडून करणार का? गाठ कण्यात शिरलेली निघाली तर मणक्याचे किंवा मेंदूचे सर्जन इथेच मिळतील का? तसं असेल तर आधी पाठीमागून कण्यातला भाग मोकळा करतात, मग त्याच भुलेत छातीतला काढतात, आणि त्यासाठी दोन टीम एका छताखाली लागतात. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं असतील तर फोंडा घाट चढून पोचणं आणि टाके, नळीची जखम दाखवायला पुन्हा जाणं तुम्हाला सोपं. नसतील तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे, मुंबईला केईएम आहे. दिरांच्या घरी उतरायची सोय आहेच. प्रश्न विचारल्याचा राग येणारा सर्जन मला आवडत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण एमआरआय रखडण्यामागे तेही असू शकतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन त्याला भेटा आणि हे ऑपरेशन इथे बसतं का, आधीच्या तपासण्यांचं काय, हे भरती व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

आता बोल लागण्याचं. ताई, पत्रभर तुम्ही असं धरून चालला आहात की निर्णय तुमचा आहे, म्हणजे परिणामही तुमच्या माथी. संमतीच्या कागदावर सही यजमानांची होणार आहे. ते शुद्धीत आहेत, शहाणे आहेत, बाग चालवतात. आजवर कोल्हापूरच्या डॉक्टरांशी बोललात तुम्ही, रिपोर्ट आणायला गेलात तुम्ही, मोबाईलवर वाचलंत तुम्ही. ते पडवीत बसून 'कायेक होणा नाय' म्हणत राहिले, कारण बाकी सगळं तुम्ही करताच आहात. पुढच्या भेटीला त्यांना सर्जनच्या समोरच्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही बाजूला बसा. प्रश्न त्यांना विचारू द्या. थोरल्या दिरांना त्याच वेळी फोनवर घ्या, म्हणजे नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' होत नाही. आग्रह धरायचाच असेल तर एमआरआयपुरता धरा, त्यात बोल लागण्यासारखं काही नाही.

आणि त्यांना एकदा एकटं गाठून विचारा की आवाजाची भीती आहे का. तुम्ही ती मोबाईलवरून वाचलीत असं लिहिलंय, पण डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, रात्र जागवणाऱ्या बुवाला ती तुमच्याआधी सुचली असेल. गणपतीनंतरचा वायदा मला त्यातलाच वाटतो. आवाजाच्या नसेचं मी वर लिहिलंय, ते सर्जनच्या तोंडून त्यांना ऐकवा.

मुलीला सांगा. दहावीतल्या मुलीने रिपोर्ट आधीच वाचला असण्याची शक्यता मला दांडगी वाटते, आणि तिने त्यातला 'ट्युमर' हा शब्द सोडून काही वाचलं नसेल. कॅन्सर नाही, कधी काढणार, किती दिवस बाबा घरी नसतील, एवढं बास. तिचं इंग्रजी तुमच्यापेक्षा बरं असेल तर सर्जनना विचारायचे प्रश्न तिलाच एका कागदावर लिहून द्यायला सांगा, आणि एमआरआयचा रिपोर्ट आला की शेवटची ओळ आधी वाचायला लावा.